नापास ताऱ्याचं रीचेकिंग

म्हैसमाळची थंडी, एक दुर्बीण, पाच मित्र आणि बोलता बोलता तोंडातून निसटलेला एक शब्द. त्या शब्दाचा पाठपुरावा करताना हाती लागली आकाशातल्या एका ‘लूझर’ची सॉलिड स्टोरी!

जानेवारीतला शनिवार. वाळूजची फर्स्ट शिफ्ट संपवून एक, बँकेतून सुटून दुसरा, असं करत करत आम्ही पाच जण कसेबसे क्रांती चौकात जमलो आणि दोन गाड्यांनी म्हैसमाळला निघालो. दौलताबादच्या दिल्ली दरवाजात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी, मग घाट, खुलताबादला कडक चहा आणि साडेआठच्या सुमारास टेकडीवर. प्लॅन सिंपल होता. एका मित्राने नवीन दुर्बीण घेतली होती, तिचं उद्घाटन करायचं आणि मग डब्यातल्या पराठ्यांवर ताव मारायचा.

आपल्या शहरात ‘तारा’ म्हटलं की आधी पान आठवतं, यात आपली काही चूक नाही. जालना रोडवरच्या दिव्यांच्या आणि होर्डिंगच्या झगमगाटात वर बघावं असं उरलंय काय? पण शहरापासून फक्त चाळीसेक किलोमीटर लांब गेलं की आकाश एकदम बदलतं. डोक्यावर मृग नक्षत्र लख्ख दिसत होतं. तीन ताऱ्यांची सरळ रेघ म्हणजे बाण, आणि ती रेघ खाली पूर्वेकडे वाढवत नेली की लखलखणारा व्याध. आजीने लहानपणी दाखवलेलं तेवढं सगळ्यांनाच आठवत होतं.

मास कॉमला असताना सायन्सचं एक फीचर केल्यापासून आमच्या ग्रुपमध्ये मी उगाचच ‘खगोलतज्ज्ञ’ आहे. त्यामुळे माझा भाव वधारला. मी म्हटलं, “व्याधाच्या थोडं खाली, उजवीकडे बघा. मृगाच्या पायाशी शशक नावाचा तारकासमूह आहे. त्याच्या कडेला एक मंद तांबडा तारा आहे, ग्लीझ २२९. त्याच्याभोवती एक ब्राऊन ड्वार्फ फिरतो. मराठीत तपकिरी बटू. तारा व्हायला निघाला होता, पण जमलं नाही. फेल्ड स्टार!”

बाकीचे हसले. एक हसला नाही. आमचा हा मित्र चार वेळा एमपीएससीला बसला. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत त्याने जितके तास काढले, तितके मी घरीसुद्धा काढले नसतील. गेल्या वर्षी त्याने तो नाद सोडला आणि एका खासगी कंपनीत नोकरी धरली. दुर्बीण डोळ्याला लावूनच तो म्हणाला, “म्हणजे माझ्यासारखाच की.”

पुढचे दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग कुणीतरी पराठे काढले आणि विषय बदलला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. रविवारी दुपारी मी लॅपटॉप उघडला. मनात एकच प्रश्न होता: या बिचाऱ्याला ‘फेल’ ठरवलं कुणी, आणि कशाच्या जोरावर?

पास व्हायला लागतात ७५ गुरू

आधी फंडा क्लिअर करू. तारा कसा बनतो? वायूचा प्रचंड ढग स्वतःच्याच वजनाने आत आत ढासळतो. मध्यभागी दाब वाढतो, उष्णता वाढते. ती पुरेशी वाढली की हायड्रोजनचं हेलियममध्ये रूपांतर सुरू होतं आणि भट्टी पेटते. आपला सूर्य गेली साडेचार अब्ज वर्षं याच भट्टीवर चाललाय.

पण ढगाचा तो गोळा लहानच राहिला तर? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शिव कुमार या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत बसून नेमकं हेच गणित मांडलं. त्यांचं उत्तर असं होतं की सूर्याच्या साधारण सात-आठ टक्क्यांपेक्षा कमी वस्तुमान असेल तर आतली भट्टी टिकाऊपणे पेटणारच नाही. गोळा आकसत जातो, पण एका मर्यादेनंतर आतले इलेक्ट्रॉन इतके दाटीवाटीने बसतात की आणखी आकसणं शक्यच होत नाही. सकाळच्या शेअर रिक्षात सातवा माणूस बसवून बघा, समजेल. आकसणं थांबलं की तापणंही थांबतं आणि मग तो गोळा आयुष्यभर हळूहळू निवत राहतो.

गुरू ग्रहाच्या मापात सांगायचं तर तारा व्हायला साधारण ७५ ते ८० गुरूंइतकं वस्तुमान लागतं. त्यापेक्षा कमी, पण साधारण १३ गुरूंपेक्षा जास्त असलेले हे मधले लोक म्हणजे ब्राऊन ड्वार्फ. गंमत म्हणजे वजन कितीही असलं, तरी यांचा आकार जवळपास गुरूएवढाच असतो.

आणि ‘ब्राऊन’ का? रंगामुळे नाही. कुमार यांनी यांना काळे बटू म्हटलं होतं, पण ते नाव दुसऱ्याच प्रकारच्या मेलेल्या ताऱ्यांसाठी वापरात होतं. लाल बटूही आधीच होते. मग १९७५ साली जिल टार्टर या तरुण संशोधिकेने मधला रंग उचलला, तपकिरी. प्रत्यक्षात डोळ्याला दिसला तर ब्राऊन ड्वार्फ मंद लालसर-किरमिजी वाटेल.

थोडक्यात, नाव ठेवून झालं, गणित मांडून झालं. फक्त एकच अडचण होती. असा एकही गोळा खात्रीने कुणाला सापडलेला नव्हता. तीसेक वर्षं शोध चालू होता. उमेदवार बरेच येत होते, पण एकही फायनल सिलेक्शनपर्यंत टिकत नव्हता. (हे वाक्य लिहिताना मला कोण आठवलं, ते सांगायला नको.)

कुरुंदवाडचा माणूस, कॅलिफोर्नियाची दुर्बीण

इथे स्टोरीत एंट्री होते कुलकर्णींची. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. नरसोबाच्या वाडीला गेला असाल तर हे गाव तिथून अगदी जवळ. वडील सर्जन, शाळा हुबळीत. लेखिका सुधा मूर्ती यांचे ते भाऊ. आयआयटी दिल्लीतून १९७८ मध्ये मास्टर्स आणि मग पीएच.डी.साठी थेट बर्कली. तिथे विद्यार्थी असतानाच, १९८२ मध्ये, सेकंदाला तब्बल ६४२ गिरक्या घेणाऱ्या पहिल्या मिलिसेकंद पल्सारच्या शोधात त्यांचा वाटा होता. म्हणजे आपण ज्या वयात सीव्हीत ‘टीम प्लेअर’ लिहून वेळ मारून नेतो, त्या वयात!

पुढे ते कॅल्टेकमध्ये प्राध्यापक झाले आणि १९९०च्या दशकात त्यांची टीम ब्राऊन ड्वार्फच्या मागे लागली. टीममध्ये तादाशी नाकाजिमा होते, कीथ मॅथ्यूज होते आणि बेन ओपनहायमर नावाचा विशीतला विद्यार्थी होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मंडळींनी बनवलेलं एक खास उपकरण होतं, कोरोनाग्राफ. ते बसवलं होतं पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीवर. लक्षात घ्या, त्याच डोंगरावर २०० इंची हेल दुर्बीणही आहे. पण हा शोध सुरू झाला तो धाकट्या दुर्बिणीवर.

कोरोनाग्राफ करतो काय? रात्री बीड बायपासवर समोरून हाय बीम मारत ट्रक येतोय आणि हेडलाईटच्या शेजारी एक काजवा बसलाय, अशी कल्पना करा. काजवा दिसणं अशक्य. पण हात पुढे करून अंगठ्याने हेडलाईट झाकला तर? कोरोनाग्राफ हा तो अंगठा. त्याच्या जोडीला आणखी एक युक्ती होती. आपल्या वातावरणामुळे ताऱ्याचा प्रकाश थरथरतो, मे महिन्यात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते तसा. ही थरथर सेकंदाच्या छोट्या छोट्या भागांत दुरुस्त करणारी यंत्रणाही त्यांच्याकडे होती.

ऑक्टोबर १९९४. ग्लीझ २२९ झाकल्यावर त्याच्या बाजूला एक अंधूक ठिपका दिसला.

आपण असतो तर काय केलं असतं? स्टेटस टाकलं असतं! ही मंडळी चक्क एक वर्ष थांबली. कारण तो ठिपका म्हणजे मागे फार लांब असलेला एखादा साधा ताराही असू शकत होता. ग्लीझ २२९ आपल्यापासून जेमतेम १९ प्रकाशवर्षं लांब आहे. जवळचे तारे आकाशात दरवर्षी किंचित सरकताना दिसतात. ठिपका त्याच्याबरोबर सरकला तर तो त्याचा सोबती, नाही तर योगायोग. वर्षाने पुन्हा पाहिलं. ठिपका सोबतच सरकला होता!

मग २०० इंची दुर्बिणीने त्याच्या प्रकाशाची चिरफाड केली. त्यात सापडला मिथेन. गावाकडच्या गोबर गॅसमध्ये असतो तोच वायू. ताऱ्यांच्या धगीत मिथेन टिकूच शकत नाही, तो असतो गुरूसारख्या थंड ग्रहांवर. म्हणजे हा गोळा ताऱ्यांच्या मानाने गारठलेला, साधारण साडेसहाशे-सातशे अंश सेल्सिअसचा. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा असतो, यावरून अंदाज घ्या. आता वादाला जागाच उरली नाही. नाव पडलं ग्लीझ २२९ बी. ऑक्टोबर १९९५ मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्सच्या परिषदेत घोषणा झाली आणि ३० नोव्हेंबरला ‘नेचर’मध्ये पेपर आला.

त्याच परिषदेत आणखी एक घोषणा झाली होती. मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह जाहीर केला, ज्यासाठी त्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. त्याच सप्टेंबरात स्पेनच्या संशोधकांनी आपल्या कृत्तिकांच्या पुंजक्यात एकटाच भटकणारा दुसरा एक ब्राऊन ड्वार्फ, टाइड १, प्रसिद्ध केला होता. तीस वर्षं काहीच नाही आणि मग एकाच मोसमात सगळं. एसटीसारखंच, नाही का?

वजन भरपूर, उजेड कमी

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला ती माहीत होती. पण रविवारी संध्याकाळी चहाचा दुसरा कप घेऊन पुढे वाचायला लागलो आणि खुर्चीत सरळ बसलो.

झालं असं, की सोबती फिरतो तेव्हा तो मुख्य ताऱ्यालाही थोडं हलवतो. लहान पोराला दोन्ही हात धरून गरागरा फिरवताना आपणही थोडे डगमगतोच ना, तसं. हिप्पार्कस आणि गाया या युरोपियन उपग्रहांनी वर्षानुवर्षं ताऱ्यांच्या जागा फार बारकाईने मोजल्या. त्यावरून ग्लीझ २२९चं डगमगणं कळलं आणि त्यावरून सोबत्याचं वजनही काढता आलं. उत्तर आलं, साधारण ७१ गुरू.

सगळे चक्रावले. ७१ गुरू म्हणजे पासिंगच्या अगदी काठावर. इतका वजनदार गोळा याहून बराच तेजस्वी असायला हवा होता. प्रत्यक्षात उजेड तर अगदीच मिणमिणता. ॲप्रेझलच्या भाषेत सांगायचं तर कपॅसिटी भरपूर, परफॉर्मन्स पुअर. म्हणजे जो आधीच ‘फेल्ड स्टार’ होता, तो आता ‘फेल्ड ब्राऊन ड्वार्फ’सुद्धा झाला!

आता तीनच शक्यता होत्या. एक, वजन चुकीचं मोजलं. दोन, ब्राऊन ड्वार्फ कसे निवतात याची थिअरी चुकली. तीन, हा एकटा नाहीच. तिसरा अंदाज काही संशोधकांनी मांडलाही होता, पण सिद्ध करणार कसं? इतक्या लांबून दोन ठिपके वेगळे दिसणार कसे?

ते काम केलं पुन्हा कॅल्टेकच्याच एका विद्यार्थ्याने. जेरी शुआन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या चार आठ-मीटरी दुर्बिणी एकमेकींना जोडून एकाच महाकाय दुर्बिणीसारख्या वापरल्या. शिवाय दुसऱ्या उपकरणाने प्रकाशातले बारीक बदल टिपले: कधी गोळा आपल्याकडे येतोय, कधी लांब जातोय. १६ ऑक्टोबर २०२४ला ‘नेचर’मध्ये रिझल्ट लागला.

ग्लीझ २२९ बी एक नाही. दोन आहेत!

एक साधारण ३८ गुरूंचा, दुसरा ३४चा. पृथ्वी-चंद्राच्या अंतराच्या फक्त सोळा पट अंतरावरून हे दोघे अवघ्या १२ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. आणि दोघे मिळून त्या लाल ताऱ्याला प्रदक्षिणा घालतात, साधारण अडीचशे वर्षांत एक. दोघांचं वजन एकत्र मोजलं जात होतं, म्हणून उजेड कमी वाटत होता. वेगवेगळं पाहिलं तर ३८ गुरूंच्या गोळ्याने जितकं चमकायला हवं, ३४च्या गोळ्याने जितकं चमकायला हवं, तितकेच ते चमकत होते. ना कमी ना जास्त. गोळ्यांनी काही चुकीचं केलंच नव्हतं. मोजणाऱ्यांनी दोन पेपर एकत्र स्टेपल केले होते, एवढंच.

शेजारी आहेत, फक्त दिसत नाहीत

एव्हाना या मंडळींची यादी बरीच मोठी झालीय. एप्सिलॉन इंडाय हा सूर्यासारखाच, पण थोडा लहान तारा, आपल्यापासून बारा प्रकाशवर्षांच्या आत. त्याच्याभोवतीही २००३ मध्ये अशीच जोडी सापडली. २०१३ मध्ये केविन लुमन यांना सापडलेली जोडी तर फक्त साडेसहा प्रकाशवर्षांवर आहे. अल्फा सेंटॉरी आणि बर्नार्डचा तारा सोडले तर आपले सगळ्यात जवळचे शेजारी हेच. व्याधसुद्धा यांच्यापेक्षा लांब, साडेआठ प्रकाशवर्षांवर! आपल्या फ्लॅटसंस्कृतीसारखंच झालं हे. शेजारच्या दारामागे कोण राहतं ते वर्षानुवर्षं कळत नाही.

यात एक कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या अगदी जवळ ग्रह भरपूर सापडतात, जोडीदार तारेही सापडतात, पण ब्राऊन ड्वार्फ शंभरात एखादासुद्धा मुश्किलीने. खगोलशास्त्रज्ञ याला ‘ब्राऊन ड्वार्फचं वाळवंट’ म्हणतात. ग्रह ताऱ्याभोवतीच्या तबकडीत घडतात, तारे ढग कोसळून. हे मधले नेमके कोणत्या घरातले, हा वाद त्या वाळवंटात अडकलाय. म्हणूनच प्रत्येक नवा सोबती महत्त्वाचा ठरतो.

आणि हो, शोधणारे सगळे पीएच.डी.वालेच असतात असंही नाही. २०१७ मध्ये नासाच्या मदतीने ‘बॅकयार्ड वर्ल्ड्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात सामान्य लोक अवकाश दुर्बिणीने घेतलेले जुने-नवे फोटो आलटूनपालटून बघतात आणि सरकणारा ठिपका शोधतात. २०२० मध्ये अशा हौशी मंडळींच्या मदतीने सूर्याच्या आसपासचे ९५ थंड गोळे एका दमात जाहीर झाले. बहुतेक ब्राऊन ड्वार्फच.

कुलकर्णींचं म्हणाल तर त्यांनी पुढे गॅमा किरणांचे स्फोट, अचानक उजळणारे तारे असं बरंच काही धुंडाळलं आणि २०२४ मध्ये त्यांना खगोलशास्त्राचं शॉ पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी त्यांच्या १९९५च्या ठिपक्याचे दोन ठिपके झाले. टायमिंग बघा!

मेसेज

रविवारी रात्री साडेअकराला मी हे सगळं त्या मित्राला मेसेज करून पाठवलं. भलामोठा. शेवटी लिहिलं, “सॉरी यार. ‘फेल्ड’ हा शब्द चुकीचा होता. त्याला कुणी तारा व्हायला सांगितलंच नव्हतं. तो जो आहे, ते तो व्यवस्थित आहे.”

बराच वेळ दोन निळ्या टिका. मी म्हटलं, गेला हा. किंवा मी जरा जास्तच ज्ञान पाजळलं. चार प्रयत्न करून बाहेर पडलेल्या माणसाला एका मेसेजने बरं वाटत नसतं, हे मलाही कळतं.

पावणेबाराला उत्तर आलं: “वाचलं. भारी आहे. पण मग माझ्यातला दुसरा कोण, हे कळायला एकोणतीस वर्षं लागायची काय रे?”

आणि लगेच दुसरा: “पुढच्या अमावास्येला कोण कोण येतंय? दुर्बीण मी घेतो. त्या दिवशी नीट बघितलंच नव्हतं.”

तुम्हालाही जायचंय?

* सीझन: डिसेंबर ते मार्चची सुरुवात. अमावास्येच्या जवळचा वीकेंड गाठा.
* कुठे बघायचं: बाणावरून व्याध शोधा, मग व्याधाच्या खाली उजवीकडे, शशकाच्या कडेला. ग्लीझ २२९ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अंधाऱ्या जागी १० बाय ५०ची दुर्बीण आणि मोबाईलवरचा आकाशनकाशा असला तर जमतं.
* काय दिसेल: फक्त मुख्य तारा. त्याचे दोन सोबती आपल्या दुर्बिणीत येणार नाहीत, ते तिथे आहेत एवढं मनात ठेवा. जो प्रकाश दिसेल तो १९ वर्षांपूर्वी निघालेला असेल. तेव्हा तुम्ही कितवीत होतात, आठवून बघा.
* सोबत काय न्यायचं: जाड जॅकेट, थर्मासभर चहा आणि टॉर्चवर लावायला लाल जिलेटिन पेपर, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.
* शहरातच: एमजीएम कॅम्पसमधलं एपीजे अब्दुल कलाम ॲस्ट्रोस्पेस सायन्स सेंटर. पहिल्यांदाच बघत असाल तर सुरुवात इथून करा.
* काय न्यायचं नाही: ‘फेल’ हा शब्द.